डिओ मारूनही दुपारपर्यंत वास येतो. डिओ बदलू की अँटीपर्स्पिरंट घेऊ?

तुम्ही लिहिलंय की रोज डोंबिवलीहून फोर्टला लोकलने जाता, निघताना भरपूर डिओ मारता, तरी जेवायच्या सुट्टीपर्यंत शर्ट काखेत ओला होतो आणि वास सुटतो. महिन्याला दोन कॅन संपतात आणि गाडीत वरची कडी धरायचीही चोरी झालीय.

अँटीपर्स्पिरंट, म्हणजे घामच कमी करणारं, घ्या, आणि ते रात्री झोपताना लावा. उत्तर एवढंच आहे, पण तो रात्रीचा भाग नीट समजला नाही तर हेही पैसे वाया जातील, म्हणून सविस्तर लिहिते. मी 16 वर्षं औषधाचं दुकान चालवतेय. हा प्रश्न काउंटरवर कोणी मोठ्याने विचारत नाही. बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत माणसं बाजूला उभी राहतात आणि मग हळू आवाजात बोलतात. यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी प्रत्येकाला सांगते, तुम्हालाही सांगते.

मुळात ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. आपल्या अंगावर 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात आणि त्यातल्या बहुतेक मीठ-पाणीच बाहेर टाकतात. काखेत आणि जांघेत मात्र आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात, त्या वयात येताना जाग्या होतात. त्यांच्या घामात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. कातडीवरचे जिवाणू ते खातात, आणि तो आंबूस, कधी कांद्यासारखा उग्र वास त्यातून तयार होतो.

डिओचं काम या जिवाणूंपुरतं आणि वासापुरतं. त्यातलं अल्कोहोल जिवाणू मारतं आणि अत्तर वास झाकतं. घाम येतच राहतो. तुमच्यासारखा दोन तास गर्दीत उभा राहणारा माणूस घामाने भिजला की डिओ वाहून जातो, जिवाणू पुन्हा वाढतात, आणि अत्तर व घाम यांचा मिळून जो वास येतो तो नुसत्या घामापेक्षा वाईट. अँटीपर्स्पिरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळून ग्रंथीच्या तोंडाशी जातात आणि तिथे जेलीसारखं बूच बसतं. घामच कमी आला की जिवाणूंना खायला कमी मिळतं.

हे बूच बसायला काख कोरडी हवी आणि घाम थांबलेला हवा. सकाळी आंघोळीनंतर घाईघाईत ओलसर काखेत लावून जिना उतरलात की बसायच्या आधीच ते वाहून जातं. रात्री घाम कमी असतो, म्हणून रात्री. काख धुवा, कोरडी पुसा, पंख्याखाली पाच मिनिटं थांबा आणि पातळ थर लावा. ‘सकाळी आंघोळीत धुऊन जाईल ना?’ असं हमखास विचारतात. जात नाही, बूच आत बसलेलं असतं. रोज लावून आठवड्याभरात फरक जाणवला की आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं.

विकत घेताना पुढचं नाव बघू नका. गेल्या महिन्यात एक कॉलेजचा मुलगा दोन बाटल्या घेऊन आला, ‘काकू, यातली कुठली?’ दोन्हींवर ताजेपणा, 48 तास वगैरे सारखंच लिहिलेलं. मी दोन्ही उलट्या करून ट्यूबलाइटखाली धरल्या. रोल-ऑनच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत दुसऱ्याच जागी ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट होतं. स्प्रेवर अल्कोहोल, गॅस आणि अत्तर, बस. घटकांच्या यादीत ॲल्युमिनियम दिसलं तर ते अँटीपर्स्पिरंट. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच गॅसच्या कॅनमध्ये ते नसतंच.

एक चूक मी स्वतः केलीय, ती तुम्ही करू नका. काखेतले केस काढले त्याच रात्री मी 20 टक्के ॲल्युमिनियम क्लोराइडचं तीव्र औषध लावलं. ओल लागली की त्यातून थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. अर्धा तास ओलं फडकं काखेत धरून पंख्यासमोर बसले होते. केस काढल्यावर एक-दोन दिवस थांबा, आणि सुरुवात साध्या रोल-ऑननेच करा. शर्टाच्या काखेत जे पिवळे, कडक डाग पडतात, तेही या क्षाराचे आणि घामाचे मिळून. लावल्यावर वाळू दिलंत तर कमी पडतात.

कॅन्सरची भीती बहुतेकांच्या मनात असते, मोबाइलवर ते मेसेज फिरत असतात. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने स्पष्ट म्हटलंय की अँटीपर्स्पिरंटचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध दाखवणारा पुरावा त्यांच्यासमोर नाही. घाम अडला म्हणून अंगात विष साठत नाही, ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. ज्यांची मूत्रपिंडं फार अशक्त झालीत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं, आणि मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, दिवशी बायकांनी काखेत काहीच लावू नये. ॲल्युमिनियमचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन दिसू शकतात.

घाम फारसा नसून नुसता वासच असता, तर मी तुम्हाला तुरटी सांगितली असती. आंघोळीनंतर ओला खडा काखेत फिरवायचा, जिवाणू दबतात. हल्ली हाच खडा ‘नैसर्गिक क्रिस्टल’ म्हणून महाग विकतात, त्याचं मला वाईट वाटतं, कारण किराणा दुकानात तो काही रुपयांत मिळतो. तुरटी हाही ॲल्युमिनियमचाच क्षार आहे, त्यामुळे ‘ॲल्युमिनियम नको’ म्हणून ती घेण्यात अर्थ नाही.

कपड्यांकडेही बघा. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी 26 जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट दुसऱ्या दिवशी हुंगायला दिले. पॉलिस्टरचे शर्ट सुतीपेक्षा जास्त घाण वास मारत होते. प्रवासाला सुती घाला. पावसाळ्यात न वाळलेला शर्ट तर काखेत कुबट असतोच, अंग गरम झालं की वास परत येतो. शर्ट उलटा करून काखेचा भाग साबणाने चोळा आणि उलटाच वाळत घाला.

तळहात-तळपायही टपटपत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. काखेत बोटॉक्सचं इंजेक्शन हाही उपाय असतो, त्याचा परिणाम साधारण सहा महिने टिकतो. आणि रात्री अंथरूण भिजत असेल, वजन उतरत असेल किंवा घाम अलीकडे एकाएकी वाढला असेल, तर कुठलाही रोल-ऑन घेण्याआधी डॉक्टर गाठा. थायरॉइड, क्षय, साखर अचानक उतरणं, नैराश्यावरच्या काही गोळ्या, यांतलं काहीही कारण असू शकतं.

आज रात्री सुरू केलंत तर पहिले तीन-चार दिवस फारसा फरक दिसणार नाही. सोडू नका. तोवर सकाळी हातातला डिओ वरून मारत राहिलात तरी चालेल, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.