आकडा दुप्पट काहून येतो?

प्रश्न : नमस्कार सर. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत कॉम्प्युटरचं काम पाहते. मायएसक्यूएल (टेबलांत माहिती साठवायचा डेटाबेस) घरीच शिकले. आता आजूबाजूच्या कंपन्यांतली, जिनिंगवरची पोरं अडली की मलाच फोन करतात, मोबाईलवर स्क्रीनचा फोटो टाकतात आणि "ताई, क्वेरी चालून नाही राहिली" एवढंच लिहितात. मी हातातलं काम ठेवून क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, लिहून देते. मागच्या महिन्यात एकजण म्हणाला, कापसाची बेरीज दुप्पट येऊन राहिली. मी म्हटलं डिस्टिंक्ट टाकून पाह्य. त्याने टाकलं आणि एका शेतकऱ्याचा कापूस कमी लागला. तो माणूस काटा पावत्या घेऊन ऑफिसात आला तेव्हा कळलं. तेव्हापासून कोणाला काही सांगायचीच भीती वाटते. काय करू? (एक वाचक, आर्णी)

उत्तर : ताई, मदत करणं सोडू नका. तुमच्या भागात रात्री नऊला फोन उचलून जॉइन समजावून सांगणारं माणूस असणं ही लय मोठी गोष्ट आहे, ते त्या पोरांना विचारा. पण सांगायची पद्धत बदला, आणि ती कशी ते तुमच्याच किस्श्यातून दाखवतो, कारण बेरीज दुप्पट होण्याचं हे दुखणं मला येणाऱ्या दर चार-पाच प्रश्नांत एकदा तरी असतंच.

समजा एका शेतकऱ्याने तीन खेपा आणल्या, १२ क्विंटल, ९ क्विंटल आणि परत १२ क्विंटल. एकूण ३३. त्याच माणसाने दोनदा उचल घेतली, ५,००० आणि ३,०००, म्हणजे ८,०००. खेपांचं टेबल वेगळं, उचलीचं वेगळं, आणि पोराने सभासद क्रमांकावर दोन्ही जॉइन केले. आता जॉइन काय करतं तर पहिल्या टेबलातल्या प्रत्येक ओळीला दुसऱ्या टेबलातली जुळणारी प्रत्येक ओळ लावतं. तीन खेपा, दोन उचली, झाल्या सहा ओळी. त्यावर सम (बेरीज) लावलं की कापूस ६६ क्विंटल आणि उचल २४,०००. कापूस दुप्पट दिसला म्हणून तो तुमच्याकडे आला, उचल तिप्पट झाली होती तिकडे बहुतेक त्याचं लक्षच गेलं नसेल.

मग तुम्ही म्हटलं डिस्टिंक्ट. बेरजेच्या आत डिस्टिंक्ट टाकलं की सारखे आकडे एकदाच धरले जातात. उचलीत ५,००० आणि ३,००० वेगवेगळे आहेत, तर तिथे बरोबर ८,००० आले आणि त्याला वाटलं जमलं. पण कापसात १२ दोनदा आहे ना, ते एकदाच धरलं गेलं, १२ आणि ९ मिळून २१ क्विंटल. एक अख्खी खेप गायब! पराटीत वाकून वाकून वेचलेला बारा क्विंटल कापूस एका शब्दाने उडाला, म्हणून तो शेतकरी पावत्या घेऊन आला तर त्याचं काहीच चुकलं नाही.

बरोबर रस्ता असा. आधी खेपांच्या टेबलावर सभासद क्रमांकाने ग्रुप बाय करून, म्हणजे एकेका सभासदाच्या ओळी एकत्र धरून, बेरीज काढायची, तशीच उचलीची वेगळी, म्हणजे दोन्हीकडे एका सभासदाची एकच ओळ उरते. मग सभासदांचं टेबल पुढे ठेवून या दोन सबक्वेऱ्या (आतल्या क्वेऱ्या) त्याला लेफ्ट जॉइनने जोडायच्या. लेफ्ट यासाठी की ज्याने उचल घेतलीच नाही तोही यादीत राहायला पायजे, साध्या जॉइनने तो गळून पडतो. आणि त्याच्या उचलीच्या जागी नल (आकडाच नाही अशी खूण) येईल, कोणत्याही रकमेतून नल वजा केलं तर उत्तर नलच, म्हणून कोअलेस वापरून तिथे शून्य धरायचं. एवढं केलं की ३३ आणि ८,००० येतात.

आता मदतीचं. तुमचं चुकलं ते डिस्टिंक्टच्या आधी चुकलं, म्हणजे ओळी न पाहता उत्तर दिलं. मी नवीन होतो तेव्हा आमच्या सिनिअरने माझ्यासमोर वही सरकवली होती आणि म्हटलं होतं, दोन्ही टेबलांतल्या चार-चार ओळी लिही, जॉइन हाताने कर. मला तेव्हा राग आला, वेळ नव्हता, पण तिसऱ्या ओळीवरच चूक दिसली आणि ती आजपर्यंत विसरलो नाही. तेच तुम्ही करायचं. फोटो आला की प्रेमानेच म्हणा, भाऊ, दोन्ही टेबलांचे रकाने टाईप करून पाठव, एकाच शेतकऱ्याच्या ओळी पाठव, तुला उत्तर काय पायजे ते हाताने काढून लिही, आणि येऊन काय राहिलं तेही. एरर असेल तर एररची ओळ जशीच्या तशी. डेटाबेस कोणता तेही विचारा, कारण तारखेचे फंक्शन मायएसक्यूएलमध्ये एक आणि पोस्टग्रेसमध्ये दुसरे. नाव, मोबाईल, आधार, बँक खातं मात्र काढून पाठवायला सांगा, लोकांचा डेटा असा फोनवर फिरवायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून पक्कं ठेवा.

बरेचदा अपेक्षित उत्तर हाताने लिहितानाच पोराला कळतं की आपल्याला नेमकं काय पायजे हेच ठरलं नव्हतं. एकाला मी अर्धा तास क्वेरी समजावली आणि शेवटी निघालं की त्याला एकूण कापूस नकोच होता, शेवटच्या खेपेची तारीख पायजे होती.

ओळी हातात आल्या की तुमच्याकडे तशीच छोटी टेबलं बनवा, क्वेरी चालवा, मगच पाठवा. पाठवताना सहा ओळी कशा झाल्या ते दाखवा. ते दिसलं तर पुढच्या वेळी तो स्वतःच आधी सम काढून टाकतो आणि उघड्या ओळी बघतो. आणि अपडेट किंवा डिलीटचा, म्हणजे ओळी बदलायचा किंवा पुसायचा, प्रश्न असेल तर व्हेअरची (कोणत्या ओळी घ्यायच्या ते सांगणारी) तीच अट लावून आधी सिलेक्ट (ओळी नुसत्या दाखवणारी क्वेरी) चालवायला लावा, किती ओळी येतात ते मोजायला लावा. त्याशिवाय उत्तरच देऊ नका, समोरचा कितीही घाईत असला तरी.

त्या शेतकऱ्याचं म्हणाल तर त्या पोराला घेऊन जा आणि पावत्या समोर ठेवून नवीन हिशोब दाखवा. एवढं झालं की तुमची भीती अर्धी उतरेल.

प्रश्न : दादा, आमच्याकडे ज्या सभासदांनी यंदा सोयाबीन आणलं नाही त्यांची यादी पायजे होती. नॉट इन लावून पावत्यांमधले सभासद क्रमांक वगळले तर यादी पूर्ण रिकामी येते. निदान पन्नास लोकांनी माल आणला नाही हे मला माहीत आहे. एररही नाही. (एक वाचक, मेहकर तालुका)

उत्तर : भाऊ, पावत्यांच्या टेबलात सभासद क्रमांक नल असलेली एक तरी ओळ असणार. बाहेरच्या माणसाचा माल घेतला असेल आणि तो रकाना कोरा सोडला असेल, पाहून घ्या.

एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरीच्या भाषेत, नल म्हणजे शून्य नाही, रिकामं अक्षरही नाही, नल म्हणजे माहीत नाही. आता तुम्ही डेटाबेसला विचारता, १०७ नंबरचा सभासद या यादीत नाही ना? तो एकेक नंबर पाहतो, हा नाही, हा नाही, आणि नलपाशी अडतो. हा नंबर कोणता ते माहीत नाही, कदाचित १०७ च असेल! मग तो ना हो म्हणतो ना नाही, आणि व्हेअर तर फक्त पक्क्या होकारावर ओळ पुढे सोडतं. असं माल न आणलेल्या प्रत्येक सभासदाचं होतं म्हणून यादी रिकामी. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये टेबलांच्या रचनेचा पाया घातला, आणि माहीत नसलेल्या गोष्टीला शून्य समजायचं नाही हा विचारही पुढे त्यांनीच लावून धरला. आपल्याला तो अडवतो तेव्हा चीड येते, पण विचार खरा आहे.

नॉट एक्झिस्ट्स (अशी जुळणारी ओळच नाही ना, एवढंच पाहणारी अट) वापरा, ते नलपाशी अडत नाही. नाहीतर आतल्या क्वेरीत सभासद क्रमांक इज नॉट नल ही अट घाला. आणि त्या कोऱ्या पावत्या कोणाच्या ते एकदा शोधाच, एखादी सभासदाचीच असली तर तो माणूस उगाच माल न आणणाऱ्यांत मोजला जाईल.

प्रश्न : तारखेनुसार ऑर्डर बाय केलं, म्हणजे क्रम लावला, तर ०१-१२ (१ डिसेंबर) ही ०५-११ (५ नोव्हेंबर) च्या आधी येते. (एक वाचक, हिंगणघाट)

उत्तर : तुमची तारीख अक्षरं म्हणून साठवली आहे, म्हणून डावीकडून अक्षर अक्षर तुलना होते आणि ०१ आधी लागतो. बॅकअप घ्या, डेट प्रकारचा नवीन रकाना करा आणि जुनी तारीख मायएसक्यूएलच्या एसटीआर टू डेट फंक्शनने बदलून त्यात भरा. भरण्याआधी फक्त सिलेक्ट चालवून पाहा, जिथे नल आलं तिथे कोणीतरी तेरावा महिना वगैरे टाईप केला आहे, त्या ओळी कागदी पावती काढून हातानेच दुरुस्त करा.