बयाणा दिला, खोकी आलीच नाहीत

(वाचकांचे व्यवहार, वाचकांचे प्रश्न. उत्तरं सांगलीहून.)

ताई, सप्रेम नमस्कार. साताऱ्यात माझं छोटं दुकान आहे आणि गेली चार वर्षं मी स्वतःच्या वेबसाइटवरून बोर्ड गेम विकतो. फेब्रुवारीत बंगळूरच्या एका प्रकाशकाकडे नव्या गेमच्या ५० खोक्यांची ऑर्डर दिली. एका खोक्याचे १,४५० रुपये, म्हणजे ७२,५०० चा माल. त्यातले ६० टक्के, ४३,५०० रुपये आगाऊ भरले. माल एप्रिलअखेर यायचा होता. त्या भरवशावर मी साइटवर नोंदणी सुरू केली आणि ३१ जणांनी २,१९९ रुपयांप्रमाणे पूर्ण पैसे भरले. आता नोव्हेंबर उजाडला. विचारलं की 'छपाईला आहे', 'कंटेनर अडकलाय' असं ऐकायला मिळतं. मीही 'बरं, पुढच्या महिन्यात द्या' म्हणत आलो. परवा कळलं की तोच गेम ते ऑगस्टपासून स्वतःच्या साइटवर विकताहेत. गिऱ्हाइकं मला नको नको ते बोलतात. मी त्यांना सांगतो, यात दोष माझा नाही. ग्राहक आयोगात जाऊ की पोलिसांत फसवणुकीची तक्रार देऊ?
– एक दुकानदार, सातारा

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. 'यात दोष माझा नाही.' माल आला नाही यात तुमचा दोष नाही, मान्य. पण त्या ३१ जणांनी पैसे बंगळूरला दिलेले नाहीत, तुम्हाला दिलेत. त्यांचा सौदा तुमच्याशी झाला. तुमचा प्रकाशकाशी झाला तो वेगळा सौदा, आणि त्याचं काय झालं याच्याशी त्या गिऱ्हाइकांना काही देणंघेणं नाही.

माझे वडील सांगलीत हळदीची आडत करायचे. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशेब करून पैसे, त्याच दिवशी व्हायची. व्यापाऱ्याकडून पैसे आठवड्याने येवोत, महिन्याने येवोत, ती आडत्याची काळजी. लहानपणी मी विचारलं होतं, आपल्याकडे आलेच नाहीत तर आपण का द्यायचे? ते म्हणाले, त्याने पोती आपल्या दारात उतरवलीत, व्यापाऱ्याच्या नाही. पुढे कायदा शिकले तेव्हा तेच पुस्तकात निराळ्या शब्दांत भेटलं.

म्हणून प्रकाशकाकडे वळण्याआधी गिऱ्हाइकांचं बघा. ३१ जणांचे मिळून ६८,१६९ रुपये तुमच्याकडे आले. तुम्ही आधी भरलेले ४३,५०० त्यातून वजा धरले तरी २४,६६९ तुमच्याकडे राहिले. ते कुठे गेले हे तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा दुकानभाड्यात किंवा दुसऱ्या मालात गेले असतील. पण गिऱ्हाइकाने आगाऊ दिलेला पैसा हे आपलं भांडवल नव्हे. माल हातात पडेपर्यंत ती ठेव असते. प्रत्येकाला आजच लिहा: माल येण्याची खात्री मी देऊ शकत नाही, पूर्ण पैसे परत हवेत की थांबायचं, ते कळवा. परत मागतील त्यांना आठवड्याच्या आत द्या. सगळे एकदम देणं झेपत नसेल तर तारखा लेखी द्या आणि पाळा. जे थांबतील ते स्वखुशीने थांबतील, आणि तसं त्यांचं लेखी उत्तर तुमच्याजवळ असेल.

हे मी केवळ नीतीचं म्हणून सांगत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांखाली स्वतःचा माल स्वतःच्या साइटवर विकणाराही येतो. सांगितलेल्या वेळेनंतर माल पोचत असेल तर पैसे परत करायला तो नकार देऊ शकत नाही. अपवाद आहे तो आपल्या हाताबाहेरच्या आपत्तीचा. पुरवठादाराने माल दिला नाही ही तशी आपत्ती आहे असं पटवणं तुम्हाला फार जड जाईल. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, हेही त्याच नियमांत आहे. त्या ३१ पैकी प्रत्येक जण ग्राहक आहे. तो १९१५ या हेल्पलाइनला फोन करू शकतो, आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्याला शुल्क लागत नाही. कोणी नांदेडचा असेल तर तुम्हाला नांदेडला जावं लागेल.

आता तुमचं स्वतःचं. ग्राहक आयोगाचं दार तुम्हाला बंद आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा 'ग्राहक' या व्याख्येत बसत नाही. कोणी सांगेल की दुकान हे तुमचं एकमेव पोट आहे, स्वयंरोजगाराची सवलत मिळेल. ती सवलत शिलाई मशीन घेऊन त्यावर स्वतः शिवणाऱ्यासाठी आहे, मशीन विकणाऱ्यासाठी नाही. यात वर्ष घालवलेले दुकानदार मी पाहिलेत. वर्ष गेल्यावर तक्रार फेटाळली जाते आणि उमेदही संपलेली असते.

पोलिसांचं म्हणाल तर, फसवणूक म्हणजे पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. त्यासाठी पैसे घेतानाच न देण्याचा इरादा होता हे दिसावं लागतं. नुसता करार मोडला म्हणजे फसवणूक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. तुमच्या प्रकाशकाने गेम छापला, बाजारात आणला. फक्त तुमचा वाटा तुम्हाला दिला नाही. हा दिवाणी दावा आहे, आणि मजबूत आहे. मात्र त्यात एक भोक तुम्ही स्वतः पाडलंय, ते आधी बुजवा.

ते म्हणजे 'बरं, पुढच्या महिन्यात द्या.' १८७२ च्या करार कायद्याचं कलम ५५ असं सांगतं की वेळ महत्त्वाची असलेल्या करारात ठरल्या वेळेनंतरचा माल तुम्ही स्वीकारलात, आणि स्वीकारताना 'उशिराबद्दल भरपाई मागणार आहे' असं बजावलं नाहीत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. समजा उद्या घाबरून त्यांनी ५० खोकी पाठवलीच आणि तुम्ही मुकाट्याने उतरवून घेतलीत, तर सहा महिन्यांचं नुकसान पाण्यात. म्हणून आता पुढची तारीख तोंडी देऊ नका. लेखी नोटीस पाठवा: इतक्या दिवसांत, पंधरा म्हणा, पूर्ण माल द्या, नाहीतर करार संपला असं धरून ४३,५०० रुपये व्याजासह परत करा, उशिराच्या भरपाईचा हक्क मी राखून ठेवला आहे. नोटीस ईमेलने आणि पोस्टाने, दोन्हीकडून जाऊ द्या. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्टच मागा, पोचपावतीसह.

पुरावा गोळा करताना एक गोष्ट आजच करा. त्यांच्या साइटवरून तो गेम एका मित्राच्या नावाने विकत घ्या. बिल, तारीख, कुरिअरची पावती, खोक्याचा फोटो, सगळं ठेवा. स्वतःच्या साइटवर विकायला त्यांना कायद्याने बंदी नाही. तशी अट तुमच्या ऑर्डरमध्ये असती तर गोष्ट वेगळी. पण तुमचा बयाणा हातात असताना 'माल नाही' म्हणणं आणि त्याच आठवड्यात तोच माल दुसऱ्याला देणं, याला ते बिल उत्तर मागेल. गेमच्या धंद्यात उशीर होतो हे मलाही ठाऊक आहे. पुठ्ठ्याच्या चकत्यांचे साचे, लाकडी सोंगट्या, ठरावीक संख्येखाली छापखाना हात लावत नाही, बरेच खेळ चीनमधून बनून येतात. खरा उशीर मी समजून घेते. हा तो नव्हे.

व्हॉट्सअॅपवरचे निरोप नुसते स्क्रीनशॉट म्हणून दाखवले तर समोरचा वकील हरकत घेईल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. तो मूळ फोन विकू नका, बदलू नका, चॅट पुसू नका.

नोटिशीला उत्तर आलं नाही तर थेट दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दावापूर्व प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं, कोर्ट फी नाही आणि तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच बांधून ठेवते. समोरचा आलाच नाही तर दिवाणी दावा. मुदत तीन वर्षं. मुद्दल, त्यावरचं व्याज आणि बुडालेला नफा मागता येईल, पण नफा खोकं-खोकं मोजून दाखवावा लागेल. तीच खोकी दुसऱ्या घाऊक विक्रेत्याकडे मिळत असतील तर तिथून घेऊन गिऱ्हाइकांना द्या आणि दरातला फरक मागा. नुकसान आवरण्याची खटपट केलीत हे कोर्ट बघतं. त्यांच्या बिलाखाली 'न्यायक्षेत्र बंगळूर' असं छापलंय का, तेही बघून ठेवा. छापलेलं असेल आणि तुम्ही ते मान्य केलेलं असेल तर साताऱ्यात दावा टिकवणं कठीण, आणि मग तडजोडीचं महत्त्व वाढतं.

•

ताई, आम्ही मिरजेचे दोन मित्र. किल्ल्यांवरचा एक खेळ तयार करून ३०० प्रती छापल्या. ८० प्रती एका ऑनलाइन विक्रेत्याकडे 'विकल्या की पैसे' या बोलीवर ठेवल्या. आता त्याची साइट बंद आहे, ऑर्डरी अर्धवट पडल्यात आणि तो म्हणतो येणेकऱ्यांनी गोदामाला कुलूप लावलंय. आमच्या खोक्यांचं काय?
– दोन मित्र, मिरज

हरिपूरची पेवं तुम्ही पाहिली असतील, निदान ऐकली असतील. जमिनीच्या पोटात हळद ठेवायची, माल एकाचा, पेव दुसऱ्याचं. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद कुजली, तेव्हा माणसं आमच्या ओसरीवर भांडत होती ती याच प्रश्नावर: पोती नक्की कोणाची होती? ज्याच्याकडे पावती होती त्याच्याशी निदान बोलता येत होतं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत डायमंड ही कॉमिक्स आणि गेमची मोठी वितरक कंपनी दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेली. गोदामात प्रकाशकांचा 'विकल्यावर पैसे' या बोलीचा माल पडून होता. तो विकून सावकारांचं देणं भागवण्याची परवानगी कंपनीने कोर्टाकडे मागितली आणि प्रकाशकांना आपलाच माल आपला आहे हे सांगायला वकील लावावे लागले.

तुमचं उत्तर तुमच्या कागदावर आहे. डिलिव्हरी चलनाने माल पाठवला असेल आणि विकेपर्यंत मालकी आमची असं कुठेतरी लिहिलं असेल, साध्या ईमेलमध्ये का होईना, तर आजच विक्रेत्याला आणि कुलूप लावणाऱ्याला दोघांना लिहा: ८० पैकी न विकलेल्या प्रती आमच्या आहेत, त्यांना हात लावू नका, मोजून परत द्या. विकलेल्या प्रतींचा हिशेब वेगळा मागा. परतीची मुदत ठरली होती आणि ती उलटून गेली असेल, तर मात्र १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणे माल त्याने विकत घेतला असं धरलं जाऊ शकतं. मग तुम्ही मालाचे मालक उरत नाही, पैशाचे येणेकरी होता, आणि इतर येणेकऱ्यांच्या रांगेत उभं राहावं लागतं.

माल देण्याआधी तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली होती का? झालेली असेल तर विकलेल्या मालाच्या पैशासाठी सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याचा आधार आहे: लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाही, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. नसेल तर पुढच्या खेपेआधी करा. आणि जीएसटीत असाल तर सहा महिन्यांचा हिशेब चुकवू नका: पसंतीवर (विकला तर पैसे, नाहीतर परत) पाठवलेला माल तोवर विकला गेला नाही तरी बिल करावं लागतं.

•

मी कराडला शिकतो. दोन वर्षांपूर्वी परदेशी क्राउडफंडिंगवर एका गेमसाठी पैसे भरले. गेम आला नाही. आता ते अमेरिकेतल्या टॅरिफमुळे जादा पैसे मागताहेत. भरू का?
– एक विद्यार्थी

तिथे तुम्ही दुकानातून वस्तू घेतलेली नाही, तयार न झालेल्या वस्तूला हातभार लावलाय. करार तुमचा आणि गेम करणाऱ्याचा. मधली साइट त्यात नसते. २०१२ मध्ये अमेरिकेत १,२४६ लोकांनी एका बोर्ड गेमसाठी १ लाख २२ हजारांवर डॉलर दिले आणि ते त्या माणसाने घरभाड्यासारख्या खासगी खर्चात उडवले. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने कारवाई केली, १ लाख ११ हजार डॉलरचा हुकूम झाला, पण त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं म्हणून वसुली स्थगित झाली. तेव्हा भरलेले पैसे परत मिळण्याची आशा कमी ठेवा. कार्डाने भरले असतील तर बँकेला चार्जबॅकबद्दल (कार्डाचे पैसे बँकेमार्फत परत मिळवण्याबद्दल) विचारून बघा, दोन वर्षांनी मुदत गेलेली असण्याचीच शक्यता जास्त.

जादा पैशांचं वेगळं. एप्रिल २०२५ मध्ये चिनी मालावरचा अमेरिकी टॅरिफ १४५ टक्क्यांपर्यंत गेला, मे महिन्यात ३० वर आला, आणि त्यात अनेक प्रामाणिक प्रकाशक भरडले गेले. पण तो कर अमेरिकेत उतरणाऱ्या मालावर आहे. खोकं चीनहून सरळ भारतात येणार असेल तर त्याला भारताची कस्टम ड्युटी लागेल, अमेरिकेची नाही. त्यांना लिहा: माझं खोकं कुठून निघणार आणि वाटेत कुठे उतरणार? उत्तर आलं की मला पाठवा. तोवर एक रुपयाही भरू नका.