जर्मनीत शिकताना वसंतातले शनिवार-रविवार कसे घालवावेत?

तुम्ही लिहिलंय की चोपड्याहून कलोनला मास्टर्सला गेलात, हिवाळा खोलीतच गेला, आता झाडं फुलायला लागलीत. पण अभ्यास, पार्टटाइम काम आणि खिसा सांभाळून फिरायचं कसं? मी अमळनेरचा. बॉनला शिकलो, आता जळगावात असतो. बॉन तुमच्या कलोनच्या बाजूचंच गाव, म्हणून त्या भागापुरतं सांगतो.

एप्रिलमध्ये पंधरा दिवस आधी बेत आखूच नका. एकाच दुपारी ऊन, पाऊस आणि गारा असं तिन्ही होतं. शुक्रवारी रात्री हवामान बघायचं. दोनपैकी ज्या दिवशी ऊन, तो बाहेरचा. दुसऱ्या दिवशी कपडे, स्वयंपाक, असाइनमेंट. आपल्याकडे चैत्र लागला की अकरानंतर माणूस सावली सोडत नाही, तिथे ऊन पडलं की सगळं गाव नदीकाठी. मी भरदुपारी गवतावर पडलेला बघून आई व्हिडिओ कॉलवर ओरडायची, "इतला उनमा कथा फिरी ऱ्हायना रे?" म्हणजे, इतक्या उन्हात कुठे फिरतोयस रे?

दुसरं, अख्खा दिवस मोकळा मिळायची वाट बघू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि एप्रिलअखेर रात्री साडेआठलाही उजेड असतो. सकाळी लायब्ररी, दुपारी दोनची गाडी, तरी चार-पाच तास हातात राहतात. शिवाय परीक्षा येतात जुलैत. जूनपासून मान वर करायला सवड मिळत नाही, त्यामुळे खरे मोकळे महिने एप्रिल-मे हेच.

पैशांचं म्हणाल तर डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा प्रवासाचा पास, २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झाला, २०२६ पासून ६३ युरो आहे. बऱ्याच विद्यापीठांत सेमिस्टर फीमध्येच तो येतो, तुमचं कार्ड तपासा. लोकल, ट्राम, बस, रिजनल गाड्या सगळं चालतं, आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. म्हणजे पासात बसेल तेवढंच फिरायचं, आणि ते पुष्कळ आहे.

बॉनच्या जुन्या वस्तीत हेअरश्ट्रास या रस्त्यावर गुलाबी चेरी फुलते, साधारण एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. शनिवारी दुपारी तिथे यात्रेसारखी गर्दी, फोटोवाल्यांमुळे चालता येत नाही. शक्य असेल तर आठवड्यातल्या एखाद्या सकाळी लेक्चरआधी जा. त्यापेक्षा मला ड्राखेनफेल्सची टेकडी आवडायची. कोनिग्सविंटरला उतरायचं आणि चढायला लागायचं. उंची ३२१ मीटर, वर पडका किल्ला, खाली ऱ्हाईन आणि तिच्यातून रेंगाळत जाणाऱ्या मालवाहू बोटी. १८८३ पासून वर जाणारी दातेरी रुळावरची छोटी रेल्वे आहे, पण तिचे पैसे वेगळे. तोरणमाळ हिंडलेल्या माणसाला त्या चढाचं काय वाटणार?

खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं. रविवारी जवळजवळ सगळी सुपरमार्केटं बंद असतात, खरेदी शनिवारीच उरका.

आणि एकदा भरीत पार्टी कराच. बॉनच्या ऱ्हाईनआउए पार्कात शेगडी लावायला ठरवून दिलेल्या जागा आहेत, कोळसा आपला आपण न्यायचा. बामणोदची वांगी तिथे कुठली. काळी-जांभळी, जाड सालीची मिळतात. चाकूनं टोचून घ्या, नाहीतर फुटतात. कपाशीच्या काड्यांवर भराभर भाजून होतं, तिथल्या कोळशावर तासभर धरा. साल काळी पडून सुरकुतली आणि देठापाशी रस सुटून चरचरायला लागला की उतरवायचं. मिरच्या त्याच जाळीवर भाजायच्या. पातीचा कांदा, शेंगदाणे, कोथिंबीर आणि तेल सढळ हातानं. आमच्या शेजारी सॉसेज भाजत बसलेलं एक म्हातारं जोडपं वास आल्यावर चौकशीला आलं आणि पाव घेऊन आमच्यातच बसलं. निघताना राख गरम कोळशासाठी ठेवलेल्या डब्यात टाका, गवतावर नको.

सोबतीला दोन-तीन जण बस झाले. बारा जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप ठरवता ठरवता संध्याकाळ करतो.

उंच गवतातून चालून आलात तर रात्री पाय, गुडघ्यामागची जागा नीट बघा, गोचीड चिकटते. डोळे चुरचुरून शिंका सुरू झाल्या तर दरवेळी सर्दीच असते असं नाही. एप्रिलात बर्चच्या परागांनी कित्येकांना त्रास होतो, फार्मसीत गोळी मिळते.

लांब जायचं असेल तर ते जोडून येणाऱ्या सुट्ट्यांना ठेवा. ईस्टरला शुक्रवार ते सोमवार सलग मिळतात. पुढे क्रिस्टी हिमेलफार्ट (येशूचं स्वर्गारोहण) आणि, तुमच्या राज्यात, फ्रोनलाइखनाम (कॉर्पस क्रिस्टी) या सणांच्या सुट्ट्या, दोन्ही कायम गुरुवारीच येतात. शुक्रवारी लेक्चर नसेल तर चार दिवस झाले. त्या दिवसांची हॉस्टेलं मात्र लवकर भरतात, बुकिंग आत्ताच बघा. सीमेपलीकडे गेलात तर पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट सोबत असू द्या.