भरती न होता, नुसत्या ओपीडीतून दारू सुटते का?

प्रश्न असा आहे: 'माझा भाऊ रोज पितो. कारखान्यात नोकरी आहे, भरती व्हायला अजिबात तयार नाही. ओपीडीत जाऊन-येऊन सुटते का? आणि जेवणातून नकळत द्यायची गोळी मिळते म्हणतात, ती द्यावी का?'

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ती गोळी मी खाल्लेली आहे. आधी नकळत, नंतर कळूनसवरून. नकळत देऊ नका. भांडा, अबोला धरा, माहेरच्या चार माणसांना गोळा करा, पण त्याच्या आमटीत काही कालवू नका.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे. आमच्या मेहुण्यांचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचं, मेडिकल आहे. बहिणीचा संसार सावरायचा म्हणून त्यांनी डायसल्फिराम या दारू सोडवायच्या गोळीची पट्टी घरी आणून दिली. डॉक्टरची चिठ्ठी नाही, रक्त तपासणी नाही. बायको रोज सकाळी गोळी चुरून भाजीत टाकायची आणि मी डबा चाटूनपुसून खायचो. पुढे एका जोडीदाराच्या वास्तुशांतीला गेलो. जेवणं उरकल्यावर आम्ही गच्चीवर बसलो. पहिला ग्लास संपायच्या आत कानशिलं तापली, मान आणि तोंड लालभडक झालं, छाती अशी धडधडायला लागली की शर्ट हलताना दिसत होता. मग ओकाऱ्या. जोडीदार म्हणाला, माल भेसळीचा दिसतोय. पण पीत तर सगळेच होते, आडवा मी एकटाच झालो.

दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी पार खाली गेलेलं. डॉक्टर परत परत विचारत होते, 'कुठली गोळी चालू आहे?' मी आईची शपथ घेऊन सांगत होतो, कुठलीच नाही. बायको दाराशी उभी, पदराचा बोळा तोंडात. मेहुणे तिच्याकडे असे बघत होते की तिची जीभ उचलेना. डॉक्टर हार्टचा पेशंट समजून ईसीजी काढून बसले होते. शेवटी तिनंच सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, मग पुढचे उपचार त्या हिशेबानं झाले.

ही गोळी काय करते? दारूचं लिव्हरमध्ये आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते विषारी असतं, पण दुसरं एक एन्झाइम त्याचा लगेच निकाल लावतं. गोळी हे दुसरं एन्झाइम बंद पाडते, मग विष अंगात साचतं. माणसाला माहीत असेल तर तो भीतीनं पीत नाही. माहीत नसेल तर तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय कमजोर असेल तर जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो.

आणि या उद्योगानं माझी दारू सुटली का? घरचं जेवण सुटलं. मी गाड्यावर खायला लागलो, बायकोच्या हातचं पाणीसुद्धा घेईना, आणि पिणं वाढलं.

पुढे मी सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत गेलो ते स्वतःच्या पायांनी. का गेलो ती वेगळी कथा आहे, इथं नको. डॉक्टरांनी पहिले प्रश्न विचारले ते असे: दारू थांबवल्यावर कधी फिट आली का, भास झाले का, सकाळी हात थरथरतात म्हणून घोट लागतो का, घरी सोबत कोण आहे. पहिल्या आठवड्याला क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे दारू थांबवल्यावरची थरथर, फिट आवरणारी गोळी, रोज थोडी थोडी कमी करत, आणि थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. गोळ्या बायकोच्या ताब्यात. त्या रात्री घामानं अंथरूण भिजायचं, झोप नावाला नाही. पण घरीच होतो, आणि लवकरच कामावरही गेलो.

लिव्हरची तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी तीच गोळी दिली. तीच, डायसल्फिराम! पण सगळं समजावून, माझी सही घेऊन. रोज सकाळी बायकोसमोर, पाण्याबरोबर, मी माझ्या हातानं गिळायची. खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, कारण काहींमध्ये अल्कोहोल असतं. आमचे मेहुणे आजही प्रत्येक लग्नात, बारशात सांगतात, 'शेवटी माझ्याच गोळीनं सुटला की!' यावर मी काय बोलणार? बोलतोच, पण चारचौघांत आवाज चढतो म्हणून बायको ओढून नेते.

खरं काम गोळीनं अर्धंच केलं. कौन्सेलर मॅडमनी मला पाळी सुटल्यापासून घरी पोचेपर्यंतचा रस्ता कागदावर काढायला लावला. त्यावर दोन देशी दुकानं निघाली. रस्ता बदलला. पगार बायकोच्या हातात जायला लागला. संध्याकाळी एएच्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांनीच चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगा, त्या फुकट असतात, मराठीत चालतात. मध्ये एकदा स्लिप झाली, गोळी चुकवून प्यायलो. मॅडमनी आरडाओरडा केला नाही, कुणाबरोबर बसला होतास एवढंच विचारलं.

'ओपीडीनं कुणाची सुटत नाही, डांबूनच ठेवायला लागतं', हे मेहुण्यांचं दुसरं पालुपद. भरतीला माझा विरोध नाही. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करतंय, आणि तिथंही बाहेर पडल्यावरच्या फॉलोअपवर भर असतो, कारण महिनाभरानं माणूस त्याच गल्लीत परत येतो. पण काही ठिकाणी गाडी पाठवून उचलून नेतात, मारतात. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा व्यसनालाही लागू आहे, त्यात हे बसत नाही. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर एक अभ्यास झाला होता, लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला. साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त 4 बैठका घेतल्या. 3 महिन्यांनी त्या गटातल्या 36 टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या खाली आलं, नेहमीच्या उपचारांत 26 टक्के. मी हा आकडा मेहुण्यांना दाखवला. ते म्हणाले, म्हणजे 64 जण पितच राहिले. हिशेब बरोबर आहे. पण भरती केलेल्यांतले किती राहिले, हा आकडा ते काही देत नाहीत.

आता हे आधीच सांगायला हवं होतं: तो अभ्यास जास्त पिणाऱ्यांचा होता, माझ्यासारख्या पक्क्या व्यसनी माणसांचा नव्हता. आणि तुमच्या भावाला पूर्वी फिट आली असेल, भास होत असतील, कावीळ असेल, किंवा घरी लक्ष ठेवायला कुणी नसेल, तर सुरुवातीचे दिवस भरतीच बरी. रोज पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, त्यात माणसं दगावतात. त्यामुळे 'उद्यापासून बंद' अशी शपथ घालू नका. डायसल्फिराम नको असेल तर नालट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट आहेत, ते ओढ कमी करतात. पण तो अफू, गर्द किंवा ट्रामाडॉलच्या (अफूसारख्या काम करणाऱ्या वेदनाशामक) गोळ्याही घेत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, नालट्रेक्सोननं त्याला भयंकर त्रास होईल. गर्दवाल्यांना जिभेखाली ठेवायची बुप्रेनॉर्फिन देतात, तीही बहुतेक ओपीडीतूनच, महिनोन्महिने.

14416 वर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. भावाला न्यायच्या आधी तुम्ही एकट्याही ओपीडीत जाऊन बोलू शकता. माझी बायको तशीच गेली होती, मेहुण्यांना न सांगता.