जुन्या प्रीमियर पद्मिनीची पेट्रोल टाकी घरी साफ करून तिला ड्रेन प्लग आणि रिटर्न नळी वेल्ड करून बसवता येईल का?

साफसफाई घरी जरूर करा. रिटर्न नळी, म्हणजे जास्तीचं पेट्रोल टाकीत परत आणणारी नळी, तीही घरीच बसेल, पण वेल्डिंग न करता. ड्रेन प्लगचं, म्हणजे टाकी रिकामी करायच्या तळाच्या बुचाचं, काम मात्र घरी करू नका.

आधी वेल्डिंगचं सांगतो, कारण जीव जातो तो तिथेच. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीने पेटते. ४० लिटरच्या टाकीत एवढी वाफ व्हायला चमचाभर पेट्रोल पुरतं, आणि तेवढं तर गंजाच्या खपल्यांखाली आणि पत्र्याच्या जोडात कायम मुरलेलं असतं. साबणाने धुतल्यावर वास जातो, पण पत्रा तापला की जोडातलं पेट्रोल पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक. पाणी भरून किंवा सायलेन्सरचा धूर आत सोडून वेल्डिंग करणारे मिस्त्री आहेत, पण पाण्याच्या वर एक कोपरा जरी हवेचा राहिला तरी धोका तसाच राहतो. ड्रेन प्लग हवाच असेल तर टाकी वाफेने धुऊन काम करणाऱ्या, टाक्या-रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याकडे द्या आणि तिच्यात पेट्रोल होतं हे त्याला स्पष्ट सांगा.

आता टाकी उतरवणं. गाडी उघड्यावर घ्या, बंद गॅरेजमध्ये नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि सर्व्हिसिंगच्या खड्ड्यात साचते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी सोडा. पेट्रोल हातपंपाने धातूच्या कॅनमध्ये काढा. कॅन जमिनीवर टेकलेला असू द्या, प्लास्टिकची बादली वापरू नका आणि नळी तोंडाने ओढू नका. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. जुनं पेट्रोल गटारात ओतायचं नाही.

फ्लोट युनिट, म्हणजे टाकीतल्या पेट्रोलची पातळी मोजणारा भाग, काढलं की त्या भोकातून आत बघा. टॉर्च बाहेरच सुरू करून मग जवळ न्या. तळाशी तपकिरी गाळ असेल तर हरकत नाही. पत्रा सोलल्यासारखा खपल्या धरत असेल तर तो पातळ झालाय असं समजा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी-इथेनॉलचं मिश्रण पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं, त्यामुळे गंज बहुतेक वेळा खालूनच लागतो. ही गाडी बनली तेव्हा २० टक्के इथेनॉलचा विचारच नव्हता.

गंज काढायला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरतं. आधी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन तेलकटपणा काढा, नाहीतर ॲसिड पत्र्याला लागतच नाही. मग आत लोखंडी साखळी आणि थोडं पाणी घालून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा. सुटे नट टाकू नका, आतल्या आडपट्ट्यांमागे अडकतात. साखळी ओढली की सगळी बाहेर येते. त्यानंतर लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. १२ तासांनी तपासा, २४ तासांच्या पुढे जाऊ नका; जास्त वेळ ठेवलं तर जोडांना दिलेला डाग (सोल्डर) आणि चांगला पत्राही खाल्ला जातो. बाथरूमचं ॲसिड तर मुळीच नको. ते जोडात शिरून राहतं आणि नंतर आतूनच टाकी खातं. ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच साध्या पाण्याने धुवा आणि विलंब न लावता वाळवा. ओला पत्रा पाहता पाहता पुन्हा नारिंगी होतो. वाळवायला हीट गन नको. कडक ऊन आणि ब्लोअरची थंड हवा पुरे.

आतून लावायच्या कोटिंगबद्दल माझं मत ठाम आहे: टाकी गळत नसेल तर लावू नका. जराशी ओल किंवा तेलकटपणा राहिला की कोटिंग पापुद्र्यांसारखं सुटतं, पंपाकडे पेट्रोल नेणाऱ्या ओढनळीच्या तोंडाशी अडकतं आणि काढणं महाकठीण होतं. टाचणीएवढी भोकं असतील तरच इथेनॉल सोसणारं कोटिंग लावा, उरलेलं पूर्ण निथळू द्या आणि सुकण्याच्या मुदतीत घाई करू नका.

रिटर्न नळीसाठी टाकीचा पत्रा न छेडता फ्लोटची गोल प्लेट वापरा. ती सुटी होते, म्हणून भोक टाकीपासून लांब पाडता येतं आणि कीस आत पडत नाही. दोन्ही बाजूंनी नट आणि वायसर असलेला पितळी निपल (नळी चढवायचं तोंड) त्यात बसवा; उष्णता लागतच नाही. नळीचं आतलं तोंड ओढनळीपासून दूर ठेवा, नाहीतर परत आलेले बुडबुडे पुन्हा ओढले जातात. फ्लोटचा दांडा हाताने वर-खाली फिरवून कुठे अडत नाही ना ते बघा. गॅस्केट नवीन घाला.

पुढच्या टोकाला पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये तीन तोंडांचा फिल्टर लागतो. त्यातलं बारीक छिद्राचं तोंड वर ठेवून रिटर्नला जोडा; छिद्र एक ते दीड मिलिमीटर. याहून मोठं असेल तर पेट्रोल परतच जातं आणि चढावर गाडी गचके देते. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोल नळीतच उकळून गाडी बंद पडते, त्यावर हा उपाय चांगला चालतो. रबरी नळ्या मात्र एसएई जे३० आर९ (इंधनाच्या नळ्यांचा दर्जा) छाप्याच्याच घ्या, जुन्या प्रतीच्या नळ्या इथेनॉलने फुगून आतून सुटतात.

गळती तपासताना कॉम्प्रेसर लावू नका, टाकी फुगते. सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरा. यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी ठेवून ती टाकीला जोडा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटरचा फरक आला की थांबा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा.

टाकी बसवल्यावर झाकणाचं हवेचं छिद्र मोकळं आहे का पाहा. ते बुजलं असेल तर गाडी काही किलोमीटर नीट चालून दम तोडते, आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो. पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावून पहिल्या १०० किलोमीटरनंतर बघा. तपकिरी पूड दिसली तर गंज उरलाय. फिल्टर बदलत राहा, हळूहळू कमी होईल. काळा चिकट थर दिसला तर कुठेतरी जुनी नळी राहून गेली आहे, ती शोधून बदला.