घरात नैसर्गिक दगडाची फरशी घालताना दगड कोणता निवडावा आणि बसवताना कशाकडे लक्ष द्यावे?

दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर या तिन्ही ठिकाणी एकच पॉलिश केलेला संगमरवर घालावा का, आणि तो बसवताना काय सांभाळावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की तिन्हीकडे एकच दगड हा आग्रह सोडावा आणि दगडाच्या रंगावर जेवढा विचार कराल, त्याच्या दुप्पट विचार फरशीखालच्या थरावर करावा.

संगमरवर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. मोह्सच्या 1 ते 10 अशा काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक साधारण 3 येतो, तर ग्रॅनाइटचा 6 ते 7. पायांबरोबर घरात येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झ असते आणि त्याचे काठिण्य 7 आहे. त्यामुळे नेहमीच्या ये-जा करण्याच्या वाटेवर संगमरवराची चकाकी आधी जाते. त्याहून त्रासदायक गोष्ट आम्लाची. लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा न्हाणीघर धुण्याचे अ‍ॅसिड सांडले, तर तिथे निस्तेज खूण उमटते. पुष्कळजण तिला डाग समजून घासत बसतात. वास्तविक तिथे दगडाचा पृष्ठभागच झिजलेला असतो आणि पुन्हा घोटाई केल्याशिवाय तो पूर्ववत होत नाही. म्हणून स्वयंपाकघरात ग्रॅनाइट घ्यावा. न्हाणीघरात दगड कोणताही असो, त्याला आरशासारखे पॉलिश नको, कारण ओला झाल्यावर त्यावरून पाय घसरतो.

दुकानातल्या दिव्यांखाली निर्णय घेऊ नये. नमुन्याचा तुकडा घरी आणावा, त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत आणि दहा मिनिटांनी पाहावे. दगड काळपट पडला असेल, तर तो पाणी शोषणारा आहे. तेल आणि लिंबाचा रसही रात्रभर ठेवून पाहावा. माल एकाच लॉटमधला आणि निदान 10 टक्के जादा घ्यावा, कारण नंतर तीच छटा मिळेल याचा भरवसा नसतो. बसवण्याआधी सगळी खोकी उघडून फरश्या कोरड्याच मांडून पाहाव्यात, म्हणजे गडद फरश्यांचा एकाच कोपऱ्यात ठिगळासारखा पुंजका होत नाही.

आता बसवण्याविषयी. माझ्या घरी कारागिराने फरशीच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये चिकटव्याचे गोळे लावून ती दाबून बसवली होती. वरून काम सुबक दिसत होते. पण वर्षभरात जड कपाटाच्या पायाखालची फरशी तडकली आणि आजूबाजूच्या ठोकून पाहिल्या, तर निम्म्या पोकळ वाजल्या. दगड कठीण असला तरी वाकणे त्याला सोसत नाही. खाली पोकळी राहिली, की भार पडताच तो तुटतो. म्हणून नवे काँक्रीट किमान 28 दिवस मुरू द्यावे, जमिनीवर 3 मीटरची सरळ पट्टी ठेवून चढउतार 3 मिलिमीटरच्या आत असल्याची खात्री करावी, चिकटवा दातेरी थापीने एकाच दिशेने ओढायला सांगावा आणि फरशीच्या पाठीवरही त्याचा पातळ हात द्यायला लावावा. अधूनमधून नुकतीच बसवलेली एखादी फरशी उचलून पाठ भरली आहे का ते पाहावे. कारागिराला हे रुचत नाही, तरीही पाहावे. फिकट संगमरवराखाली पांढराच चिकटवा हवा, कारण करड्याची छटा वर दिसते. काही हिरवे दगड पाण्याने वाकतात, त्यांना इपॉक्सी, म्हणजे पाणी नसलेला रेझिनचा, चिकटवा लागतो. पाठीवर रेझिनची जाळी असलेल्या फरशांसाठीही तोच घ्यावा.

फरशी भिंतीला टेकवू नये. कडेने काही मिलिमीटरची फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकावी. पॉलिश केलेल्या संगमरवराचे सांधे भरायला वाळू नसलेला ग्राउट वापरावा, अन्यथा भरतानाच ओरखडे उठतात. सच्छिद्र दगडाला ग्राउट भरण्यापूर्वी सीलरचा, म्हणजे छिद्रांत मुरून शोषण रोखणाऱ्या द्रवाचा, एक हात द्यावा, म्हणजे ग्राउटचा रंग दगडात उतरत नाही. सीलर डागांना अडवतो, आम्लाला नाही. त्यामुळे रोजच्या पुसण्यासाठी आम्ल नसलेला सौम्य साबणच वापरावा आणि वर्षातून एकदा तीच थेंबांची परीक्षा घेऊन, पाणी मुरू लागलेले दिसल्यास, सीलरचा नवा हात द्यावा.