कॅमेरा कोणता ते नंतर, आधी कार्डाचं बिल काढा

पत्र असं आहे:

"मॅडम, मला फोटोग्राफीची जुनी आवड. सुट्टीच्या दिवशी पहाटे तळ्यावर पाणपक्षी टिपायला जातो, आणि मुलीचे नाचाचे कार्यक्रम असतात तेव्हा तिचे फोटो काढायचे असतात. जुना कॅमेरा आहे, पण त्यात आता मजा नाही. डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, लांब झूमचा ब्रिज कॅमेरा, ज्याची लेन्स कायमची जोडलेली असते. दुसरा, लेन्स बदलता येणारा छोटा मिररलेस, दोन लेन्सच्या संचासकट. दुसरा जवळजवळ दुप्पट महाग आहे, पण दुकानदार बिनव्याजी २४ हप्ते देतोय. तो म्हणतो, लेन्स म्हणजे गुंतवणूक. शिवाय संकेतस्थळांवर फोटो विकून महिन्याचा हप्ता सहज निघेल. पैशांची तशी अडचण नाही. क्रेडिट कार्डावर थोडी बाकी असते, पण गेल्या दीड वर्षात मिनिमम ड्यू एकदाही चुकवलेली नाही. कॅमेऱ्यासाठी बचत खात्यात वेगळे पैसे ठेवलेत, ते मोडायला नकोत म्हणून हप्त्यांचा विचार. बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी एक बचत-विमा योजनाही करून दिलीय. तिचा तिसरा हप्ता दोन महिन्यांनी बोनसमधून भरायचाय. सगळे आकडे वेगळ्या कागदावर दिलेत, ते छापू नयेत. तर कोणता घेऊ?"

आकडे छापत नाही. ब्रिज कॅमेऱ्याची किंमत १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापात सांगते. दोन लेन्सचा मिररलेस रोखीत १९५. हप्त्यांनी घेतला तर महिना ९, असे २४ महिने. बचत खात्यात २५०. विम्याचा वर्षाचा हप्ता ६०. आणि ज्याला तुम्ही "थोडी बाकी" म्हणता, ती ४००.

चार कॅमेरे झाले. ही थोडी नव्हे.

तुम्ही पाठवलेल्या बिलावर दरमहा ३ टक्के व्याज लिहिलंय. ४०० वर महिन्याला १२. मिनिमम ड्यू, म्हणजे महिन्याला कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, ५ टक्के, म्हणजे २०. तुम्ही इमानेइतबारे २० भरता. त्यातले १२ व्याजात जातात आणि ८ मुद्दलात, आणि महिनाभरात किराणा-पेट्रोलचे ८ त्याच कार्डावर पुन्हा चढतात. म्हणून बाकी दीड वर्ष तिथल्या तिथे आहे. या दीड वर्षात व्याज किती गेलं? १८ गुणिले १२, म्हणजे २१६. आता दुकानदाराचे हप्ते मोजा: २४ गुणिले ९. तेही २१६च. दोन लेन्सच्या त्या संचाचे पूर्ण पैसे तुम्ही एकदा मोजून बसला आहात, फक्त संच घरी आलेला नाही.

मिनिमम ड्यू भरली की उशिराचा दंड टळतो आणि खातं थकीत दिसत नाही. त्यापलीकडे तिचा तुम्हाला काही उपयोग नाही. कार्ड आजपासून कपाटात ठेवलंत, एकही नवी खरेदी केली नाहीत आणि फक्त मिनिमम भरत राहिलात, तरी बाकी निम्मी व्हायला अडीच वर्षांहून जास्त लागतील. दुसरी गोष्ट कार्ड देताना कुणी मोठ्याने सांगत नाही. मागचं बिल पूर्ण फेडलेलं नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराण्यावर त्याच दिवसापासून ३ टक्क्यांचं मीटर पडतं.

आणि हे चाललेलं असताना बचत खात्यात २५० पडून आहेत. खात्याचा दर ३ टक्के, कार्डाचाही ३ टक्के. फरक एवढाच की खातं ते वर्षाला देतं आणि कार्ड महिन्याला घेतं. "ते कॅमेऱ्याचे पैसे आहेत" असं तुम्ही लिहिता. पैशावर तसं काही लिहिलेलं नसतं. ते तुमच्या डोक्यातल्या डब्यावर लिहिलंय, आणि त्या डब्याचं भाडं तुम्ही ३६ टक्क्यांनी भरताय.

आता बिनव्याजी हप्त्यांकडे. रोखीत १९५ आणि हप्त्यांनी २१६, मग मधले २१ कसले? दुकानदार म्हणेल, ती रोखीची सूट आहे. नाव काहीही ठेवू द्या, हिशेब केला तर वर्षाला साधारण १० टक्के व्याज बसतं. दर फार वाईट नाही. मला राग येतो तो "शून्य" या शब्दाचा. कॅमेऱ्याच्या दुनियेतही अशी नावं आहेत म्हणा. "एक इंची सेन्सर" कुठल्याच बाजूने एक इंच नसतो (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप). तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, आणि नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून चिकटलंय. पण तिथे निदान हप्ता तरी भरावा लागत नाही.

विम्याच्या योजनेचं जरा सविस्तर सांगते, कारण ती तुम्हाला "करून दिलीय". बारा वर्षं ६० भरायचे, एकूण ७२०. पंधराव्या वर्षाअखेर १०८० मिळणार. साहेबांनी दीडपट म्हणून सांगितलं असेल. दीडपट खरंच, पण किती काळात? पैसे सरासरी साडेनऊ वर्षं अडकतात, त्यामुळे परतावा सव्वाचार टक्क्यांच्या आसपास येतो. कार्डावर ३६ टक्क्यांचं कर्ज असलेल्या माणसाला सव्वाचार टक्क्यांची योजना विकणारा ओळखीचा असेल, हितचिंतक नव्हे. विमा हवाच, पण मग साधा मुदत विमा, ज्यात शेवटी काहीही परत मिळत नाही आणि म्हणून हप्ता परवडतो.

योजना आजच बंद करा असं मात्र म्हणत नाही. भरलेले १२० पूर्ण बुडाले असं धरलं, तर पुढच्या दहा हप्त्यांवरचा परतावा सात टक्क्यांच्या घरात जातो. आधी पैसे गिळलेल्या योजनेत पुढचा आकडा असाच बरा दिसतो. म्हणून कंपनीकडून तीन गोष्टी लेखी मागा: आज सोडली तर किती मिळतील, हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी किती, आणि यंदाचा हप्ता उशिरा भरला तर काय तोटा. हे विचारायला साहेबांकडे जाऊ नका.

फोटो विकून हप्ता काढण्याबद्दल दोनच ओळी लिहिते. तुमच्याकडे आत्ता एक कॅमेरा आहे. त्यातून आजवर किती फोटो विकले गेले? पत्रात उत्तर नाही, म्हणजे शून्य. शटरस्टॉकसारख्या ठिकाणी २०२० पासून मोबदल्याचे टप्पे दर १ जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवर येतात, आणि पाणपक्ष्यांचे फोटो तिथे लाखाने पडलेले आहेत. उत्पन्न आलं तर आनंद आहे. हिशेबात धरायचं नाही.

लेन्स म्हणजे गुंतवणूक, हेही सोडा. निकॉनने लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची 'निकॉन १' ही मालिका २०११ मध्ये आणली आणि २०१८ मध्ये बंद केली. कॅननची ईओएस एम २०१२ मध्ये आली, २०२३ मध्ये संपली. सॅमसंगने एनएक्स तर त्याच्याही आधी गुंडाळली. त्या लेन्स ज्यांनी "गुंतवणूक" म्हणून घेतल्या, त्यांच्याकडे चांगल्या लेन्स आहेत आणि त्या बसवायला नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, नाही. वापरायची वस्तू वापरायची म्हणूनच घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न. यात मला थोडा रस आहे, कारण एक ब्रिज कॅमेरा माझ्याही कपाटात आहे. त्याने मी चंद्राचे पुष्कळ फोटो काढले. हा कॅमेरा घेणारा प्रत्येक जण काढतो. चंद्र सगळ्यांचा सारखाच येतो.

ब्रिजचं बळ पल्ल्यात आहे. निकॉनच्या पी९०० ने २०१५ मध्ये, जुन्या ३५ मिमी फिल्मच्या मापात, २४ ते २००० मिमी दिले; हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. २०१८ च्या पी१००० ने ३००० पर्यंत. मिररलेसला इतकी लांब लेन्स लावायला तुमच्या ४०० ची बाकीही पुरणार नाही. पण याची किंमत सेन्सरने चुकवलेली असते. या कॅमेऱ्यांचा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. मिररलेसमधला एपीएस-सी नावाचा मोठा सेन्सर सुमारे ३६७, तेरापट. वर पी१००० ची लेन्स टोकाला एफ/८ वर येते; एफपुढचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी आत येतो. पहाटेच्या उजेडात आयएसओ, म्हणजे कमी उजेड वाढवून दाखवण्याचा आकडा, चढतो आणि पिसांच्या जागी लापशी दिसते. उजेड यावा म्हणून ऊन चढेपर्यंत थांबलात तर तळ्यावरची तापलेली हवा थरथरते, आणि २००० मिमीला तीच फोटोत येते. उडता पक्षी पकडणं या कॅमेऱ्यांच्या फोकसला जड जातं, बसलेला मात्र छान मिळतो. नाचाच्या रंगमंचावर हा कॅमेरा नेऊच नका.

मग मिररलेस? ज्या संचाचं वर्णन तुम्ही केलंय, त्यात १६–५० आणि ५५–२१० मिमीच्या लेन्स आहेत. लांबची लेन्स फिल्मच्या मापात ३१५ मिमीला थांबते. पाण्याच्या मध्यावर बसलेल्या बगळ्याला ती ठिपका करून ठेवते. त्यात टोकाला एफ/६.३, म्हणजे नाचासाठीही अंधारी. या संचाने तुमच्या दोन्ही आवडींपैकी एकही नीट भागत नाही, आणि हे दुकानात कळत नाही, कारण दुकानात ना पक्षी असतो ना रंगमंच. नाचाला हवी ती साधी ५० मिमी, एफ/१.८ ची, झूम नसलेली लेन्स. एफ/५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. पक्ष्यांना हवी ७०–३५० सारखी लेन्स, आणि ती घेतली की १९५ चा आकडा विसरायचा.

मधला एक रस्ता तुमच्या पत्रात नाही: एक इंची सेन्सरचा ब्रिज. पॅनासॉनिकचा एफझेड१००० (२०१४) २५ ते ४०० मिमी, सोनीचा आरएक्स१० मार्क ४ (२०१७) २४ ते ६०० मिमी, आणि दोघेही टोकाला एफ/४. गंमत बघा. एपीएस-सी सेन्सर याच्या तिप्पट मोठा आहे खरा, पण एफ/६.३ ची लेन्स एफ/४ पेक्षा अडीचपट कमी उजेड आत सोडते. लांबच्या टोकाला मिररलेसच्या हाती उरलेला फायदा सव्वापट. त्या सव्वापटीसाठी पल्ला सोडायचा का? मी नसता सोडला. सोनी महाग पडतो. जुना एफझेड१००० चांगल्या अवस्थेत मिळतो का ते पाहा. घेताना लेन्स झूमने पूर्ण लांब करून, आतली धूळ आणि झूमची घरघर तपासा.

पण त्याआधी जुन्या कॅमेऱ्यातले शेवटचे शे-दोनशे फोटो उघडा. प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंथ, म्हणजे तोच मिमीचा आकडा, लिहिलेली असते. किती फोटो झूमच्या टोकाला आहेत आणि किती जवळचे, ते मोजा. बहुतेकांचे फोटो जवळचेच निघतात आणि २००० मिमी फक्त स्वप्नात असतात. तुमचे टोकाला अडलेले असतील, तर ब्रिज. बहुतेक फोटो घरातले, संध्याकाळचे आणि हललेले असतील, तर एका ५० मिमीसकट मिररलेस. दोन लेन्सचा संच कुठल्याच उत्तरात बसत नाही.

पैसे असे फिरवा. या आठवड्यात २५० मधले २०० कार्डावर भरा. ५० अडीअडचणीला राहू द्या. अगदीच मोठं काही आलं तर कार्डाची मर्यादा मोकळी झालेलीच असेल. बाकी उरली २००. किराण्यासाठी कार्ड बंद. तुम्ही महिन्याला मिनिममचे २० आणि कॅमेऱ्याचे ९, असे २९ काढायला तयार होताच. किराण्याचे ८ आता रोखीने जातील, उरले २१. ते दर महिन्याला कार्डावर. बिलावर मिनिमम १० दिसेल, तिकडे बघू नका. असं केलं तर साधारण साडेअकरा महिन्यांत कार्ड शून्य. विमा कंपनीचं उत्तर पाहून यंदाचे ६० तिकडे न भरता इकडे भरता आले, तर आठ महिन्यांत. या २०० साठी बँकेचं कमी व्याजाचं कर्ज घ्यावं असं सुचवणारे भेटतील. तशी कर्जं घेऊन कार्ड पुन्हा भरून बसलेले लोक मी इतके पाहिलेत की इतक्या लहान रकमेला तो उपद्व्याप नको.

कार्ड शून्यावर आलं की तेच २१ साठू लागतात. पाच महिन्यांत १०० चा ब्रिज रोखीत येतो, साडेनऊ महिन्यांत १९५ चं काहीही. विम्याचे ६० कार्डाकडे वळवता आले तर ब्रिजला तेरावा महिना, नाही आले तरी सतरावा. महागातला पर्याय घेतलात तरी एकविसावा. दुकानदाराचे हप्ते तेव्हाही चालूच राहिले असते.

मुलीचा पुढचा कार्यक्रम त्याआधी असेल, तर मिररलेस बॉडी आणि ती ५० मिमी लेन्स दोन दिवस भाड्याने घ्या. झूम नाही म्हणून अडणार नाही. जरा लवकर जाऊन पहिल्या रांगेत बसा.